साबणाशिवाय बांगड्या

तुम्हाला नक्की काय झालंय, असं कोणी विचारलं की मी अजूनही अडखळते. मोडलं काहीच नव्हतं. एक्स-रे स्वच्छ, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, तापबिप काही नाही. माझा आजार असा, की माझे सांधे हवेत त्यापेक्षा जास्त वाकतात. हे वाक्य मी पहिल्यांदा घरी उच्चारलं तेव्हा आमचे हे हसले, आणि खरं सांगायचं तर मलाही हसू फुटलं. सगळं जग वाकता येत नाही म्हणून रडतं, आणि मी वाकता येतं म्हणून फिजिओथेरपीला जाते, हे सांगायचं तरी कोणाला?

तरी लिहितेय. कारण सगळं सुरू झालं तेव्हा असं लिहिलेलं एखादं पान माझ्या हाती पडलं असतं, तर निदान मला वेड लागलंय का, हा प्रश्न तरी मी स्वतःला रोज विचारला नसता.

क्लासमधली हुशार बाई

मी शाळेत मराठी शिकवते. शाळा नवीन पनवेलला, घर विचुंब्याला. चाळिशी ओलांडली आणि अंग कुरकुरायला लागलं. आधी मनगट, मग गुडघे, मग उजवा खांदा. फळ्यावर कविता लिहून झाली की खडू खाली ठेवताना हात दुसऱ्याच कोणाचा असावा तसा जड व्हायचा. सकाळी उठताना अंग आखडलेलं असायचं. निदान मला तरी ते आखडणंच वाटायचं.

स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकच मत. "स्ट्रेचिंग कर. सांधे मोकळे ठेवले पाहिजेत." म्हणून मी बागेतला सकाळचा योगाचा क्लास लावला, आणि यांनाही ओढत नेलं. यांची नोकरी बंदरात, खुर्चीवर बसून. कमरेत वाकले तर हात कसेबसे गुडघ्यापर्यंत पोहोचायचे.

माझे पहिल्याच दिवशी दोन्ही तळवे जमिनीला टेकले. गुडघे सरळ ठेवून, श्वाससुद्धा न रोखता. सर थांबले आणि म्हणाले, "सगळ्यांनी इकडे बघा." त्यानंतर मी क्लासचं प्रात्यक्षिकच होऊन बसले. नवीन आसन आलं की सर मला पुढे बोलवायचे आणि मागच्या रांगेतल्या बायका कौतुकानं बघत राहायच्या. शाळेत मी कधी कुठल्या खेळात पहिली आले नव्हते. या वयात वाट्याला आलेलं कौतुक कोण सोडेल?

गोंधळ असा, की ताण दिला की खरंच बरं वाटायचं. तासभर अंग हलकं. मग दुपारपासून दुखणं सुरू, आणि संध्याकाळी सकाळपेक्षा जास्त. मी त्यातून अर्थ काढला, की आपण कमी पडतोय. म्हणून घरी आल्यावर आणखी एकदा ताणायचे. जितकं दुखेल तितकं ताणायचं आणि जितकं ताणेल तितकं दुखायचं, हे गणित कुठेतरी चुकतंय हे कळत होतं, पण कुठे ते काही केल्या कळत नव्हतं.

चादर

एका रविवारी गॅलरीतल्या दोरीवरची चादर ओढली. एवढंच. वजन उचललं नाही, पडले नाही, कोणी धक्का दिला नाही. चादर खाली आली आणि खांदाही खाली आला. आत काहीतरी सरकल्याचा आवाज मला कानानं नाही, पोटात ऐकू आला. हात लटकत राहिला आणि हलवायचं म्हटलं तर हलेना.

घरात मी एकटी. चादर पायाशी, आणि मी मूर्खासारखी विचार करतेय की ती आता पुन्हा धुवावी लागणार. माणूस घाबरला की असलंच काहीतरी सुचतं. मग डाव्या हातानं यांना फोन लावला आणि बोलायला गेले तर नुसतं रडूच आलं.

पनवेलच्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं. खांदा जागेवर बसवताना मी काय ओरडले ते मला आठवत नाही. यांना आठवतं, पण सांगत नाहीत. एक रात्र ठेवून घेतलं. हॉस्पिटलात वेळ ही चीज वेगळीच असते. चहा येतो तेव्हा सकाळ होते आणि बीपी बघायला येतात तेव्हा दुपार. माझे लांब केस घामानं चिकटले होते आणि एक हात गळ्यातल्या झोळीत. सिस्टरनं न सांगता केस विंचरून वेणी घालून दिली. वेणी घालताना ती स्वतःच्या सासूबद्दल तक्रार करत होती आणि मी ऐकत होते. त्या दोन दिवसांतली तेवढीच दहा मिनिटं मी पेशंट नव्हते.

डिस्चार्जच्या वेळी मी डॉक्टरांना विचारलं, "पण चादरीनं खांदा कसा निखळतो?" ते म्हणाले, "होतं कधीकधी."

मग फेऱ्या सुरू झाल्या. एका डॉक्टरांनी व्हिटॅमिन दिलं. दुसरे म्हणाले, वजन कमी करा. तिसऱ्यांनी रिपोर्ट चाळले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "घरात काही टेन्शन आहे का?" टेन्शन होतंच, पण ते खांद्यामुळे आलेलं होतं, आणि त्यांना वाटत होतं खांदा टेन्शनमुळे दुखतोय. बाहेर आल्यावर मी यांना विचारलं, "मी नाटक करतेय असं वाटतं का हो तुम्हाला?" हे गाडीची चावी फिरवत म्हणाले, "नाही गं." पण ते क्षणभर थांबून म्हणाले, आणि तो क्षण मी बरेच दिवस मनात धरून बसले. घरी डबे, कपडे, भांडी सगळं यांच्यावर पडलं होतं, माणूस दमला होता. हे समजत असूनही मला राग येत होता.

परीक्षा

फिजिओथेरपिस्ट नेहा मॅडम वयानं माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या. त्यांनी खांदा तपासायच्या आधी मला उभं केलं आणि म्हणाल्या, "खाली वाकून तळवे टेकवता येतात का बघू."

मला वाटलं, चला, आपल्याला येणारा प्रश्न आला. डावा तळवा टेकवला, उजवा झोळीत होता म्हणून राहिला. मग त्या म्हणाल्या, करंगळी मागे वळवा. वळवली. अंगठा मनगटाला लागतो का? लागला, दोन्ही हातांचे लागले. कोपर सरळ करा म्हणाल्या, तर ते सरळच्याही पुढे जाऊन उलटं वाकलं. गुडघेही तसेच. मी मधूनमधून त्यांच्या तोंडाकडे बघत होते, शाबासकीची वाट बघत.

"पैकीच्या पैकी?" मी विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या, "पण मॅडम, या परीक्षेत कमी मार्क पडलेले चांगले."

त्यांनी मला जे समजावलं ते माझ्या शब्दांत असं. माझ्या सांध्यांना धरून ठेवणारे बंध मुळातच सैल आहेत. त्यामुळे आजूबाजूचे स्नायू दिवसभर जिवाच्या आकांतानं सांधा धरून बसतात, आणि त्यांचं ते दमणं मला आखडणं वाटतं. मी सकाळी त्यांना ताणून ढिलं करत होते. धरणारेच ढिले पडले की सांधा आणखी सुटा, म्हणून दुपारी दुखणं दुप्पट.

"म्हणजे ताण द्यायचा नाही?"

"तुम्ही नाही. शेवटपर्यंत ओढून तर अजिबात नाही. तुम्हाला ताकद हवी आहे, लवचिकपणा पुरेसा आहे."

मी त्या खोलीत बसून राहिले. ज्यासाठी सरांनी मला पुढे उभं केलं, तेच माझं दुखणं? मग इतके महिने मी काय केलं? सुटकेसारखं वाटत होतं, कारण मी नाटक करत नव्हते. आणि फसवल्यासारखंही वाटत होतं, पण फसवलं कोणी, तर कोणीच नाही.

मी उठता उठता त्यांनी सहज विचारलं, "घरात आणखी कोणाचा अंगठा असा वळतो का?"

मी पुन्हा खाली बसले. आईचा वळतो. आणि रिद्धीचा. रिद्धी माझी मुलगी.

एका घरात दोन सतरंज्या

आमच्या घरी सकाळी अजूनही दोन सतरंज्या पडतात. एकीवर हे वाकतात, ताणतात, कण्हतात, आणि आता त्यांचे हात पायाच्या बोटांपर्यंत पोहोचले आहेत. कंबर दुखायची राहिली. क्लासनं त्यांचं सोनं केलं. दुसऱ्या सतरंजीवर मी. भिंतीवर तळवा टेकवायचा, दाबायचं आणि हलायचं नाही. कोपर पूर्ण सरळ होण्याआधी थांबायचं. उठताना गुडघा मागे ढकलायचा नाही. हा व्यायाम आहे की वर्गाबाहेर उभं राहण्याची शिक्षा, हे पहिले काही आठवडे मला कळत नव्हतं. फरक पडायला फार वेळ लागला, आणि तो इतका हळू पडला की पडतोय हे मला यांनी सांगितलं.

हे वाचून कोणी ताण देणं सोडू नका, ही कळकळीची विनंती. आखडलेल्या माणसाला ताण हवाच. फक्त आपण आखडलेले आहोत की सैल, हे तपासून घ्या. मी तपासलं नव्हतं, कारण वाकता येणं म्हणजे तब्येत चांगली असणं, हे मी गृहीतच धरलं होतं. माझ्या माहेरी तर तो घराण्याचा मान.

आमचं माहेर उरणच्या बाजूचं, आगरी. आजोबांची मिठागरं होती. आईनं लग्नानंतर कितीतरी वर्षं मिठाच्या पाट्या वाहिल्या. आता तिथे भावाचं दुमजली घर आहे, पण एक गोष्ट बदलली नाही. आमच्या घरातल्या बायका बांगड्या भरताना साबण लावत नाहीत. लग्नकार्यात बांगडीवाली येते, बाकीच्यांचे हात साबणानं बुळबुळीत करून बांगडी चढवते. आमचा अंगठा तळव्यात दुमडून नाहीसाच होतो, आणि दोन-चारच्या लहान मापाची बांगडी कोरड्या हातावर सर्रकन जाते. सगळा मांडव बघत असतो. आई सांगते, लग्न ठरवायला आलेल्या माझ्या सासूबाईंनी आधी हात पाहिला, मग तोंड.

रिद्धी

रिद्धी दहावीत आहे आणि योगासन स्पर्धेत उतरते. मागे वाकून टाचा धरते, पाय डोक्यामागून घेते. लोक टाळ्या वाजवतात. पूर्वी मीही वाजवायचे. नेहा मॅडमच्या त्या परीक्षेनंतर मला तिची कोपरं दिसायला लागली, उलटी गेलेली. रात्री ती मनगट चोळताना दिसायला लागली. की ती आधीही चोळत होती आणि मी बघत नव्हते? का मीच आता नसलेलं बघत होते?

नेहा मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "वाकणं हा आजार नाही. कितीतरी जण आयुष्यभर असे वाकतात आणि त्यांना काही होत नाही. काहींना होतं. तिला न बघता मी काहीच सांगणार नाही. घेऊन या."

ती येईना.

"मला काही झालेलं नाही, आई."

"मनगट दुखतं ना?"

"सगळ्यांचंच दुखतं. आमचे स्पर्धेचे सर म्हणतात, दुखलं म्हणजे खुलतंय."

"माझंही असंच—"

"तुला जमेना म्हणून मीपण सोडू का?" ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मला राग आला, मग रडू आलं, मग वाटलं तिचं बरोबर असेल तर? एका निरोगी मुलीच्या हातून मी तिची आवडती गोष्ट काढून घेत असेन तर? आणि माझं बरोबर असेल तर? तिचा खांदा अजून कुठल्या चादरीची वाट बघत असेल तर? यांना विचारलं. हे म्हणाले, "तू सांगशील तसं." नवऱ्यानं असं म्हटलं की आपण अगदीच एकटे पडतो.

मांडवात

भाच्याचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात हमीदाचाची बसल्या होत्या. पनवेलच्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान, आमच्या घरातल्या तीन लग्नांत बांगड्या त्यांनीच भरलेल्या. गाणी, हसणं, लहान मुलांची पळापळ. स्पीकरवाला आवाज तपासत होता, त्यामुळे सगळ्या ओरडूनच बोलत होत्या.

आई खुर्चीवर मध्यभागी. तिनं रिद्धीला दंडाला धरून पुढे केलं. "चाची, ही माजी नात. हिचा हात बगा. आमचे घरच्या बायका साबन नाय लावीत."

"माशाल्ला, माहीत आहे ना," चाची हसल्या. त्यांनी दोन-चारचा जोड काढला आणि रिद्धीचा हात हातात घेतला. अंगठा दाबण्यासाठी त्यांची बोटं जागेवर गेली.

काय करावं ते मला सुचत नव्हतं. भर मांडवात ओरडायचं? कशासाठी, बांगडीसाठी? पण माझ्या पोटात तोच तो आवाज झाला, चादरीच्या वेळचा. मी रिद्धीच्या आणि चाचींच्या मध्ये माझाच हात घातला.

"चाची, आधी मला भरा. दोन-सहा द्या. आणि साबण लावा."

गाणं म्हणणाऱ्या बायका थांबल्या नाहीत, पण आजूबाजूच्या थांबल्या. एक चुलती म्हणाली, "आगो, जाड झालीस का काय?" सगळ्या हसल्या. मीही हसायचा प्रयत्न केला. रिद्धी मान खाली घालून बसली होती, कान लाल. आईचा चेहरा मी पाहिलाच नाही, पाहायची हिंमत नव्हती.

"कला साबन?" साबण कशाला, असा आईचा आवाज आला. "तुजा हात कवा कोनच्या बांगडीनं अडवला नाय."

"दुखतं आई. अंगठा दाबला की रात्रभर दुखतं. डॉक्टरांनी नको सांगितलंय." आणि मग, मला स्वतःलाही कल्पना नसताना, मी विचारलं, "तुझं नाही कधी दुखलं?"

चाचींनी माझ्या हाताला साबण लावला. दोन-सहाच्या बांगड्या आरामात गेल्या, आणि मनगटावर सैल खुळखुळल्या. मला त्या परक्याच वाटल्या.

मग आईनं खुर्ची पुढे सरकवली आणि स्वतःचा हात चाचींपुढे धरला. सुरकुतलेला, मिठानं पोळलेला, सत्तरी पार केलेला हात.

"मना पन साबन दे, चाची."

आता मात्र गाणंसुद्धा थांबलं.

"दुखतंय त," ती कोणाकडेही न बघता म्हणाली. "मिठावं होते तवापासना दुखतंय. पाटी उचलली का मनगट सुटायचा. फडकं बांदून उचलायची."

ते फडकं मला आठवत होतं. लहानपणी आईच्या मनगटावर कायम घट्ट बांधलेलं, मळलेलं फडकं. मला वाटायचं, मिठानं हात चिरतात म्हणून बांधते. माझ्या पर्समध्ये त्या क्षणी नेहा मॅडमनी दिलेला मनगटाचा पट्टा होता.

"बोलली का नाहीस गं?"

"कोनाला बोलू? बोलून मीठ थांबनार होता?" चाचींनी बांगड्या चढवल्यावर तिनं साबणाचा हात पुसला आणि रिद्धीकडे वळली. "पोरी, तुजा दुखतंय का? खरा सांग. माज्यासारी गप नको बसू."

रिद्धीनं पेटीतला एक जोड उचलून परत ठेवला. मग म्हणाली, "डावं मनगट. आणि खांदा कधीकधी."

"कवापासना?"

"मागच्या स्पर्धेपासून."

मला ओरडावंसं वाटलं, मला का नाही सांगितलंस. पण मी आईकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. चाचींनी काही न विचारता रिद्धीच्या हाताला साबण लावला. त्या दिवशी आम्ही तिघींनी मोठ्या मापाच्या बांगड्या घातल्या आणि नाचताना त्यांचा फार आवाज झाला.

बाकावर

लग्नानंतरच्या आठवड्यात नेहा मॅडमच्या बाहेरच्या बाकावर आम्ही तिघी बसलो होतो. आईनं अट घातली होती, "ही येल त मी येन," आणि रिद्धीनं आजीला सोडायला म्हणून यायचं कबूल केलं होतं. तिची स्पर्धा राहील की जाईल, ती जपून वाकायला शिकेल की सगळं सोडून देईल, मला अजूनही माहीत नाही. मॅडम आधी बघणार, मग सांगणार. मला स्वतःलाही काही सकाळी अंग धडधाकट वाटतं आणि काही सकाळी बरणीचं झाकण उघडत नाही. या आजारात बरं झालं असं म्हणायचा दिवस येतो का, हेही मी अजून विचारलेलं नाही.

आत गेलो. नेहा मॅडमनी आईला विचारलं, "आजी, अंगठा कितपत वळतो तुमचा?"

आईचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांची सवय, तिनं लगेच डावा हात पुढे केला, उजव्या हातानं अंगठा धरला आणि मनगटाकडे दाबायला लागली. "बगा ना, पुरा टेकतंय—"

रिद्धीनं पटकन पुढे होऊन तो अंगठा स्वतःच्या मुठीत झाकून घेतला.

"नको, आजी," ती म्हणाली. "मॅडम, माझा बघा. तिला दुखतं."